औटकी नेमकी कशाला लागायची?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न अगदी शेवटी आहे, घाई असेल त्यांनी थेट खाली जावं. बाकीच्यांनी माझं पाल्हाळ सोसावं.

माझा जन्म १९४७ चा, सांगलीचा. वडील गणपती पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळद आणि गूळ. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढं बसायचं, शुभंकरोति म्हणायचं आणि मग परवचा. आता परवचा म्हटलं की लोकांना वाटतं बे ते तीसचे पाढे. ते तर नुसतं दार उघडणं. ते झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यात शेवटी औटकी. औटकीला पोचेस्तोवर धाकट्या भावाची मान देव्हाऱ्याकडं कलायची. आजी चुलीपाशी बसून ओरडायची, "अरे, त्याला आधी भात तरी घाला." अण्णा विचारायचे, "सहा औटे?" तो डोळे मिटूनच म्हणायचा, "एकवीस." की सुटला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पावकी म्हणजे पावाचा पाढा. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. तशीच निमकी अर्ध्याची, सवायकी सव्वाची, दिडकी दीडची. अडीचकी कळलीच. औट म्हणजे साडेतीन. एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा...

हे सगळं कशासाठी, तर तेव्हाचं जगच पाव-अर्ध्याचं होतं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. मणाचे चाळीस शेर, शेराचे ऐंशी तोळे. दहाचा मेळ कुठं नव्हताच. रुपयाच्या आकड्यापुढं उभी रेघ मारली की पाव रुपया, आडवी मारली की एक आणा. तीन उभ्या आणि दोन आडव्या म्हणजे चौदा आणे. अण्णांच्या रोजकीर्दी मोडीत असायच्या. मोडीचं एक अक्षर मला कळत नव्हतं, पण या रेघा मात्र मी शाळेत जायच्या आधीपासून वाचायची.

आणि पाढे खरोखर वापरात होते हो, नुसती घोकंपट्टी नव्हती. अण्णांचं एक सूत्र होतं: *जितक्या रुपयांना मण, तितक्या आण्यांना अडीच शेर.* का? तर चाळीस शेरांचे सोळा भाग केले की एकेक भाग अडीच शेराचा. समजा गूळ अठरा रुपये मण आहे. अडीच शेराला अठरा आणे. आता कुणी साडेसतरा शेर घेतला तर? अडीचकी आठवायची: सात अडीचे साडेसतरा. म्हणजे सात वेळा अठरा आणे, एकशे सव्वीस आणे, सात रुपये चौदा आणे. लिहायला मला इतकी जागा लागली. अण्णा हे तराजूचा काटा स्थिर व्हायच्या आत सांगायचे, तेही दुसऱ्या कुणाशी बोलता बोलता.

केळ्यांचं वेगळं होतं. जितक्या आण्यांना डझन, तितक्या पैंना एक, कारण आण्याच्या पै बारा. हे तर आईसुद्धा करायची, आणि ती दुसरीच्या पुढं शाळेत गेली नव्हती.

सुट्टीत अण्णा मला कधी कधी हरिपूरला न्यायचे. तिथं हळदीची पेवं होती, जमिनीच्या पोटातली. तोंड माणूस उतरेल एवढंच आणि आत खोलीएवढी पोकळी. पेव उघडलं की आधी वास यायचा, मग माल. वर बसून हमाल मोजायचे आणि अण्णा पानाला चुना लावत बेरीज धरायचे. बेरीज चुकल्याचं मी पाहिलं नाही. चुना जास्त लागून तोंड पोळल्याचं मात्र पाहिलंय.

असो. प्रश्न असा. पावकीचा उपयोग कळतो, पावशेर-छटाकाला. अडीचकीचा वर सांगितलाच. सवायकी-दिडकी व्याजाला आणि नफ्याला. पण औटकी? साडेतीन शेराचं माप मी तरी पाहिलं नाही, साडेतीन आण्यांचं नाणं नव्हतं. अण्णांना एकदा विचारलं होतं. "म्हण," एवढंच म्हणाले. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा सातवीतल्या नातीनं विचारलं, "आजी, हे साडेतीनचं टेबल कुणाला लागायचं गं?" माझ्याकडं उत्तर नाही. इथं कुणाच्या घरात दुकान, पेढी, कारागिरी होती? सांगा.

---

बालाघाट

माई, तुमचं वाचून बीडचं घर आठवलं. मी तुमच्याहून सात वर्षांनी मोठा. आमच्याकडे तर तुमच्या भानगडीच्या आधी आणखी एक भानगड होती. निजामाचा हाली सिक्का वेगळा आणि इंग्रजांचा कळदार रुपया वेगळा. सात हाली म्हणजे सहा कळदार. आमची आत्या नगरला दिलेली. नगर कळदार मुलखात. तिच्याकडे जायचं म्हणजे निघण्याआधी आजोबा पैसे बदलून आणायचे आणि चौदाचे बारा झाले की त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मी लहान होतो, मला वाटायचं वाटेत दोन रुपये कुणीतरी काढून घेतले. आत्याकडचे लोक मोठे श्रीमंत असणार, कारण त्यांच्या कमी रुपयांत जास्त वस्तू यायच्या, असाही माझा समज होता.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली तरी हाली नाणी लगेच गेली नाहीत, पुढे काही वर्षं घरात खुळखुळत होती. म्हणजे पाहा, आधी हाली, मग कळदार, मग नवे पैसे. सतरा वर्षांचा होईपर्यंत मी तीन तऱ्हेचे हिशेब शिकलो आणि तिन्हींत कच्चा राहिलो.

औटकीचा उपयोग नाही सांगता येत, पण शब्द सांगतो. 'औटघटकेचा राजा' आपण म्हणतो ना, तो हाच औट. घटका चोवीस मिनिटांची, साडेतीन घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं. तेवढंच राज्य. शिवाय आपला देह साडेतीन हातांचा, मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन. एवढा साडेतीनाचा सोस असलेल्या माणसांनी त्याचा पाढा केला नसता तरच नवल.

पाढा अजून येतो, बघा: सहा औटे एकवीस, सात औटे साडेचोवीस, आठ औटे अठ्ठावीस, नऊ औटे साडेतीस, दहा औटे पस्तीस. वय ८५. कुणी शाबासकी द्या.

---

शून्य_दशांश

मी निवृत्त गणित शिक्षक. थोडं विरजण घालतो, राग मानू नका.

माझा जन्म १९५१ चा. शाळेत गेलो तेव्हा नवे पैसे नुकतेच आले होते (१ एप्रिल १९५७), पण मास्तर जुनेच होते. त्यामुळे बाजारात एक आणि वर्गात दुसरंच. खिशात चौकोनी पाच पैसे, पाटीवर आणे-पै. पाऊणकी मला येत नसे. तीन पाऊणे सव्वादोन, इथपर्यंत ठीक. सात पाऊणे म्हटलं की पोटात गोळा. मास्तर पट्टी आडवी धरून बोटांच्या पेरांवर मारत. सात पाऊणे सव्वापाच हे मला आजही येतं, पण ते पेरांना येतं, डोक्याला नाही.

परवचा रम्य वाटतो कारण ज्यांना तो येत होता तेच आज आठवणी लिहितात. ज्यांची शाळा पाऊणकीपाशी सुटली ते इथं लिहायला येणार नाहीत. माझ्या वर्गातली अशी चार मुलं मला नावानिशी आठवतात.

दशमान पद्धतीनं काय केलं हे चाळीस वर्षं शिकवून मी पाहिलंय. ज्या मुलाला पूर्णांकांची बेरीज येते त्याला पैशांची बेरीज आपोआप येते. वेगळी विद्या लागत नाही. वाण्यासमोर उभ्या राहिलेल्या अडाणी बाईला आपण फसतोय का हे कळायला लागलं, हे लहान काम नाही. माई, तुमची आई केळी मोजू शकायची हे खरं, पण गुळाचं 'सात अडीचे साडेसतरा' तिला कुणी शिकवलं होतं का?

एवढं मात्र मान्य करतो की आताच्या मुलांना सव्वा आणि पाऊण कळत नाहीत. 'पावणेदोन' म्हटलं की 'म्हणजे दोनच्या पुढे का मागे?' असं विचारतात. पादोन म्हणजे पाव कमी, सपाद म्हणजे पाव जास्त, सार्ध म्हणजे अर्ध्यासकट, हे सांगितलं की थोडं उमजतं. औट हा 'अर्धचतुर्थ' वरून झिजून आला. चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन. अडीच तसाच, 'अर्धतृतीय'. शब्द म्हणून सुरेख आहेत. पाढा म्हणून मला नकोत.

---

सराफकट्टा

दोनच ओळी. आमच्या धंद्यात औटकी नाही लागायची. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, सगळं आठ-बाराचं. पण गंमत सांगतो, तोळा अजून गेला नाही, नुसता बारीक झाला. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आज गिऱ्हाईक तोळा म्हणून दहा ग्रॅम नेतं. आजीच्या पाटल्या मोडायला आणतात आणि "आमच्या घरी तर चार तोळे म्हणत होते, हे जास्त कसं भरलं?" असं विचारतात. तो एकच क्षण असा की सोनाराबद्दल गिऱ्हाइकाचं मत चांगलं होतं.

---

कृष्णाकाठची

शून्य_दशांश, तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर, नाही. आईला अडीचकी कुणी शिकवली नव्हती. मला शिकवली कारण मी भावाच्या शेजारी बसायची आणि त्याच्या आधी उत्तर द्यायची. उठवून लावण्यापेक्षा बसू देणं अण्णांना सोपं वाटलं असावं. पट्टीचं म्हणाल तर आमच्या घरी नव्हती, पण शाळेत होती.

पण नव्या पैशानं अडाण्याचं भलं केलं हे पहिल्या वर्षी तरी आमच्या आजीला पटलं नसतं. आण्याचे सव्वासहा नवे पैसे. आता पावपैसा काही निघाला नव्हता, म्हणून तक्ता लावला होता: एका आण्याचे सहा, दोनाचे बारा, तीनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस. आजीच्या कनवटीला आणेल्या होत्या, बैलाचं चित्र असलेल्या, कडा नागमोडी. तिनं मला एकेक आणेली देऊन चार दिवस चिरमुरे-फुटाणे आणायला पाठवलं. रोज हिशेब सहा पैशांचा. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "चार दिवसांचे चोवीस झाले. चार आण्यांचे पंचवीस असतात म्हणे. माझा एक पैसा कुणी खाल्ला?"

अण्णा हसत सुटले. म्हणाले, "आई, चार आणे एकदम मोड, एकेक मोडू नकोस." तिला ते पटलं नाही. वाण्याकडं जाऊन तो एक नवा पैसा ती मागून आली. त्यानंही दिला बिचाऱ्यानं. तांब्याच्या रंगाचा, नखाएवढा. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "एवढ्याशासाठी भांडले मी?" कारण जुना पैसा कसा, मोठा, घोड्याचं चित्र असलेला. त्याच्याही आधीचा भोकाचा पैसा होता, तो आम्ही दोऱ्यात ओवून ठेवायचो. नवा पैसा कशातच ओवता येईना.

बालाघाट, शाबासकी राखून ठेवली आहे. का ते नंतर सांगते.

---

दोरा_सुई

माई, उत्तर माझ्याकडे आहे. निदान एक.

माझे वडील लालबागला शिंपी होते. चाळीतली दहा बाय बाराची खोली, तिच्यात पायमशीन, त्याच्या मागे आम्ही पाच जणं. गिऱ्हाइकं सगळी गिरणीतली. तेव्हाच्या कापडाचा पन्हा लहान असायचा, त्यामुळे कापड लांबीला जास्त लागे. वडिलांचा ठोकताळा: सदऱ्याला अडीच वार, लेंग्याला साडेतीन वार. उंच माणूस असेल तर वर चार बोटं.

दिवाळीआधी एकेका खोलीतून सगळ्या पुरुषांचे लेंगे एकाच ताग्यातून शिवायला येत. बाप, दोन काका, तीन मुलं. बाई दारात उभी राहून विचारी, "मास्तर, किती वार आणू?" वडील तोंडातल्या टाचण्या न काढता सांगत, "एकवीस." सहा औटे एकवीस! तुमच्या धाकट्या भावाचंच उत्तर. आणि सदऱ्यांचं अडीचकीनं: सहा अडीचे पंधरा. त्यातून पोरांचे लेंगे लहान, तर जे कापड उरे त्याच्या आम्हाला चड्ड्या होत. चाळीत कुणाचे लेंगे शिवले गेले ते आमच्या चड्ड्यांवरून कळायचं. शाळेत एकदा एका मुलानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "ही माझ्या बाबांच्या लेंग्याची." तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता त्याचा फोन आला की तेच आठवून आम्ही दोघं हसतो.

पुढे मीटर आला. साडेतीन वार म्हणजे तीन मीटर वीस सेंटिमीटर. त्याचा काय पाढा करणार? वडिलांच्या टेपला एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर होते. शेवटपर्यंत त्यांनी तो टेप उलटा केला नाही. गिऱ्हाईक मीटरमध्ये बोललं की ते माझ्याकडे बघायचे आणि मी वार सांगायचो.

---

कृष्णाकाठची

दोरा_सुई, तुमचे उपकार झाले. आणि अण्णांना का सांगता आलं नाही हेही कळलं. ते जन्मभर धोतर नेसले! लेंगा आमच्या घरात शिरला तो भावाच्या कॉलेजात. नातीला आत्ताच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ते पायजम्याचं टेबल आहे?" हो बाई, पायजम्याचं.

शून्य_दशांश, तुमच्यासाठी एक राहिलंय. तुमचं म्हणणं मी खोडत नाही, पण हे ऐका.

किलोची वजनं हळूहळू येत होती, आणि १९६२ च्या एप्रिलपासून सक्ती झाली. दुकानात षटकोनी लोखंडी वजनं आली, शेर-मणाची गेली. मी पंधरा वर्षांची. अण्णांना किलो पचत नव्हता. कुणी किलो म्हटलं की ते मनात "एक शेर आणि वर पावणेसहा तोळे" असं करून घेत आणि मग उत्तर देत. उत्तर बरोबर असे, पण उशिरा येई. अण्णांचं उत्तर उशिरा आलेलं आम्ही त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

एका रात्री मी मोठ्या हौसेनं सांगितलं, "अण्णा, मी नवं सूत्र काढलंय. तुमच्यापेक्षा सोपं. जितके रुपये क्विंटल, तितके पैसे किलो."

ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "सत्तेचाळीस रुपये क्विंटल?"

"सत्तेचाळीस पैसे किलो."

"त्रेपन्न?"

"त्रेपन्न."

"एकोणसत्तर?"

"एकोणसत्तर."

"यात तू हिशेब कुठं केलास?"

मी म्हटलं, "तोच तर फायदा आहे. करावाच लागत नाही."

त्यांनी अडकित्ता मिटून पानपुड्यात ठेवला. "मग दिवाणजीला पगार कशाचा देतील?"

मालकांनी पगार बंद केला नाही, ते त्या दुकानात पुढंही बरीच वर्षं होते. अक्षर चांगलं होतं, विश्वासाचे होते. पण भाव विचारून लोक त्यांच्या तोंडाकडं बघत थांबायचे, ते थांबलं. काटा स्थिर व्हायच्या आत आता हमालही रक्कम सांगायचा. घरी मात्र त्यांनी परवचा सोडला नाही. नातवंडांनासुद्धा औटकीपर्यंत न्यायचे आणि कुणी चुकलं की जांभई देता देता तिथंच थांबवायचे.

तेव्हा बालाघाट, आता तुमची शाबासकी. बाकी सगळं बरोबर, पण नऊ औटे साडेएकतीस. साडेतीस नाही. पुन्हा म्हणा.